अवतार, विकल्प आणि उत्तरदायित्व : सामायिक अद्भुतविश्वाचा एक इतिहास

१

वाङ्मयानंदाचे स्वरूप सांगताना न. चिं. केळकर यांनी १९२१ साली बडोदे येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेशी समरस होतो आणि त्याच वेळी आपण तो दुसरा नाही याचे भानही त्याला असते. या दुहेरी अवस्थेतच वाङ्मयीन आनंदाचे मूळ आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. योगशास्त्रातून उचललेल्या या संज्ञेची मराठी समीक्षेत पुष्कळ चर्चा झाली, तिच्यावर आक्षेपही घेतले गेले. परंतु या साऱ्या ऊहापोहात एक गोष्ट बहुधा गृहीतच धरली गेली. समाधी लागते ती वाचकाला किंवा प्रेक्षकाला, आणि ज्याच्याशी तो समरस होतो ते पात्र दुसऱ्या कोणी तरी आधीच घडवून ठेवलेले असते. हॅम्लेटशी तादात्म्य पावणारा वाचक हॅम्लेटच्या हातून वेगळे काही करवून घेऊ शकत नाही. पडद्यामागचा पोलोनियस मरायचा तो मरतोच, आणि त्याच्या मृत्यूचे पातक वाचकाच्या माथी येत नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या पावशतकात असा एक प्रकार रूढ झाला की ज्यात हे गृहीत टिकत नाही. संगणकाच्या जाळ्यावर अनेकांनी एकाच वेळी, एकाच कल्पित भूमीत, धारण केलेल्या भूमिकांतून वावरण्याचा हा प्रकार आहे. इंग्रजीत त्याला 'रोल-प्लेइंग गेम' म्हटले जाते. येथे 'भूमिकाखेळ' हा शब्द वापरणे सोयीचे होईल. त्यात पात्र घडवणारा, त्याच्या मुखाने बोलणारा आणि त्याच्याशी समरस होणारा हे तिघे एकच असतात. शिवाय ज्या दुसऱ्या पात्राशी तो भांडतो, ज्याला तो वाचवतो किंवा मारतो, त्याच्या पाठीशीही दूर कोठे तरी एक जिवंत माणूस बसलेला असतो.

अशा ठिकाणी 'विकल्पा'चे काय होते? 'हा मी नव्हे' हे वाचकाचे भान त्याला आनंद देते तसेच अभयही देते. भूमिकाखेळात हे अभय कितपत शिल्लक राहते, हा केवळ सौंदर्यशास्त्राचा प्रश्न नसून नीतीचाही आहे. या प्रकाराचा जवळजवळ अर्धशतकाचा इतिहास या एका प्रश्नाच्या अंगाने पाहिला, तर त्यातील वळणे तंत्रज्ञानाच्या प्रगतीची राहत नाहीत. ती विकल्पाच्या आकुंचन-प्रसरणाची ठरतात.

२

या इतिहासाचे मूळ संगणकात नाही. जे. आर. आर. टॉल्किन यांनी १९३९ साली सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर व्याख्यान दिले. ते विस्तृत निबंधाच्या रूपाने १९४७ साली प्रसिद्ध झाले. कोलरिजने १८१७ साली मांडलेली 'अविश्वासाच्या स्वेच्छापूर्वक स्थगिती'ची कल्पना टॉल्किन यांना अपुरी वाटत होती. त्यांच्या मते अविश्वास स्थगित ठेवावा लागणे हीच निर्मिती फसल्याची खूण होय. यशस्वी कथाकार एक 'दुय्यम विश्व' निर्माण करतो. त्या विश्वात शिरलेल्या मनाला तेथील नियमांप्रमाणे जे घडते ते खरेच वाटते. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) या ग्रंथात त्यांनी नकाशे, वंशावळी, भाषा आणि कालगणना यांसह असे विश्व उभे केले. वाचकाला कथानकाबाहेरही पसरलेला भूप्रदेश जाणवावा, ही त्यांची किमया होती. नकाशावरील ज्या खोऱ्यात नायक कधी जात नाही, तेथे काय असेल हा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहणे म्हणजेच पुढच्या भूमिकाखेळाचे बीज पडणे होते.

हे बीज १९७४ साली अमेरिकेत अंकुरले. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून खेळावयाचा खेळ प्रसिद्ध केला. त्याची परंपरा लहान पुतळ्यांच्या साहाय्याने खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांची होती. मात्र सेनेऐवजी प्रत्येकाच्या वाट्याला एकच पात्र देण्यात आले आणि त्यामुळे खेळाची जातच बदलली. टॉल्किनच्या कृतींचे हक्क बाळगणाऱ्यांनी हरकत घेतल्यावर या खेळातील 'हॉबिट' हा शब्द काढून दुसरा घालावा लागला. दुय्यम विश्वाची मालकी कोणाची, हा वाद अशा रीतीने या प्रकाराच्या बाल्यातच उद्भवला होता.

वाङ्मयीन दृष्टीने या खेळातील महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याचे निवेदन. सूत्रधाराच्या जागी असलेला खेळाडू इतरांना प्रसंग सांगतो तो द्वितीय पुरुषात : 'समोर दोन वाटा आहेत, डावीकडून पाण्याचा आवाज येतो आहे, काय करतोस?' कथनाच्या इतिहासात द्वितीय पुरुष हा क्वचित केलेला प्रयोग होता. येथे तो प्रकाराचा स्वाभाविक पुरुष झाला, आणि त्याच्या वाक्याचा शेवट अपरिहार्यपणे प्रश्नचिन्हात होऊ लागला.

विल क्राउथर या संगणकतज्ज्ञाने १९७५-७६ च्या सुमारास हे निवेदन यंत्राच्या स्वाधीन केले. क्राउथर हा गुहांचा शोध घेणारा हौशी संशोधक होता. केंटकी राज्यातील मॅमथ गुहांच्या परिसराचे त्याचे ज्ञान आणि 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा नाद यांतून, आपल्या लहान मुलींसाठी, त्याने 'अ‍ॅडव्हेंचर' हा शब्दमय खेळ रचला. १९७७ साली डॉन वुड्स याने त्यात भर घातली. यंत्र वर्णन करी, खेळाडू दोन शब्दांची आज्ञा टंकित करी आणि यंत्र पुढचे वर्णन देई. पण गुहेत तो एकटाच होता. एकट्याच्या या खेळात केळकरांचा विकल्प अबाधित राहतो. फार तर वाचक काहीसा अधिक उद्योगी होतो, एवढेच.

३

एसेक्स विद्यापीठात १९७८ च्या शरदात रॉय ट्रुबशॉ या विद्यार्थ्याने 'मड' या खेळाची रचना आरंभिली. 'मड' म्हणजे 'मल्टी-युजर डंजन', अनेकांनी एकत्र वावरण्याची गुहा. १९८० मध्ये त्याच्या सहाध्यायी रिचर्ड बार्टल याने ते काम आपल्याकडे घेतले. अनेकांचा सहभाग असलेले खेळ इलिनॉय विद्यापीठातील 'प्लेटो' या यंत्रणेवर त्याआधीच्या वर्षांत चालू झाले होते, त्यामुळे 'पहिला' हा मान निर्विवाद म्हणता येत नाही. पण पुढील परंपरा ज्यापासून वाहिली तो उगम निःसंशय एसेक्सचा आहे.

विद्यापीठाचा संगणक दिवसा अभ्यासाच्या कामांत गुंतलेला असे. बाहेरच्या खेळाडूंना प्रवेश मिळे तो रात्री उशिरापासून पहाटेपर्यंत. या सक्तीच्या जागरणाचा अनुभवाच्या स्वरूपाशी संबंध आहे. जग झोपलेले असताना, दूरध्वनीच्या तारेवरून, हिरव्या अक्षरांच्या पडद्यापुढे बसलेल्या थोड्या जणांचा तो मेळा होता. चित्र नव्हते, ध्वनी नव्हता. भूमी, वाट, दलदल, धुके हे सारे वाक्यांचे बनलेले होते. ठेवा शोधून दलदलीत टाकला की गुण मिळत. पुरेसे गुण जमले की पात्र 'विझर्ड' होई, म्हणजे त्या विश्वाच्या नियमांवर त्याची काही अंशी सत्ता चाले. उलट लढाईत मेलेले पात्र कायमचे मरे आणि त्याच्याबरोबर अनेक रात्रींची मिळकत बुडे.

बार्टल यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे की, ही रचना ब्रिटिश वर्गव्यवस्थेविरुद्धचे विधान होती. जन्माने, उच्चाराने आणि घराण्याने माणसाची पायरी ठरवणाऱ्या समाजात वाढलेल्या दोघा तरुणांना, जेथे प्रत्येकजण कोऱ्या पाटीने आरंभ करतो आणि आपल्या कर्तृत्वाने वर चढतो, असे जग हवे होते. या प्रकारातील 'पातळ्या चढणे' आज निव्वळ व्यापारी क्लृप्ती वाटते. तिच्या मुळाशी अशी एक समतेची आकांक्षा होती, हे इतिहासाने नोंदवले पाहिजे. सर्वांना समान आरंभ देणाऱ्या या जगाच्या शिखरावर मात्र पुन्हा एक सत्ताधारी वर्गच बसला, हेही त्याबरोबर नोंदवले पाहिजे.

मडच्या परंपरेत द्वितीय पुरुषाला एक नवा जोडीदार मिळाला. एखाद्याने हसण्याची आज्ञा टंकित केली की त्याच्या स्वतःच्या पडद्यावर 'तू हसतोस' अशा अर्थाचे वाक्य उमटे. त्याच क्षणी त्या जागी असलेल्या इतरांच्या पडद्यांवर 'अमुक हसतो' असे उमटे. एकच घटना, दोन पुरुष, आणि दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी. कादंबरीत निवेदकाचा पुरुष बदलला की दृष्टिकोन बदलतो, परंतु वाचक एका वेळी एकाच ठिकाणी उभा असतो. येथे मात्र प्रत्येकजण स्वतःच्या संहितेत द्वितीय पुरुष आणि इतर सर्वांच्या संहितांत तृतीय पुरुष असतो. या रात्रींची एकच एक संहिता अस्तित्वात नव्हती. जितके खेळाडू तितक्या संहिता होत्या, आणि त्या एकमेकींत अडकलेल्या होत्या.

जेम्स अ‍ॅस्पनेस यांच्या 'टायनीमड'ने (१९८९) लढाई आणि गुण दोन्ही बाजूला सारले. या शाखेत खेळाडू स्वतःविषयी कोणतेही तृतीयपुरुषी वाक्य लिहू शकत असे. पात्राचे नाव आज्ञेने आपोआप येई आणि पुढचे विधेय तो रचत असे. येथे खेळाडू पात्र तर होताच, पण आपल्या पात्राचा निवेदकही झाला. इंग्रजी क्रियापद लिंग सांगत नाही, ही भाषिक सोय या स्वातंत्र्याच्या मुळाशी होती. मराठीत अशी सृष्टी रचली असती तर 'हसला', 'हसली', 'हसले' यांपैकी एकाची निवड प्रत्येक वाक्यात करावी लागली असती. 'मी गेलो' आणि 'मी गेले' यांतील भेद तर प्रथम पुरुषालाही लपू देत नाही. पुरुषांनी स्त्रीपात्रे आणि स्त्रियांनी पुरुषपात्रे धारण करण्याची, अथवा लिंग अनिर्णित ठेवण्याची जी प्रथा या शाखेत पडली आणि जिचा अभ्यास शेरी टर्कल यांनी १९९५ साली 'लाइफ ऑन द स्क्रीन' या ग्रंथात केला, ती काही अंशी एका भाषेच्या व्याकरणाने दिलेली मुभा होती.

४

विकल्पाची खरी कसोटी १९९३ साली लागली. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात पावेल कर्टिस यांनी 'लॅम्डामू' हे शब्दमय विश्व १९९० च्या सुमारास उभारले होते. मोठ्या वाड्याच्या रूपात कल्पिलेल्या या विश्वात खेळाडू नवी दालने आणि वस्तू स्वतः रचू शकत. तेथील दिवाणखान्यात 'मिस्टर बंगल' या विदूषकवेषधारी पात्राने एका रात्री एक लहानसा प्रोग्रॅम चालवला. त्याच्या योगाने दुसऱ्या पात्रांच्या नावे, त्यांनी न लिहिलेली वाक्ये सर्वांच्या पडद्यांवर उमटू लागली. ती वाक्ये लैंगिक अत्याचाराची होती. ज्युलियन डिबेल यांनी डिसेंबर १९९३ मध्ये 'व्हिलेज व्हॉइस'मध्ये या प्रसंगावर दीर्घ लेख लिहिला आणि तो या विषयावरील विचाराचा आरंभबिंदू ठरला.

प्रत्यक्षात काय घडले होते? कोणाच्या देहाला स्पर्श झाला नव्हता. पडद्यावर काही वाक्ये उमटली होती. साहित्याच्या अभ्यासकाला यावर 'ही तर कल्पित कथा' असे म्हणून पुढे जाता येणे शक्य होते. परंतु अत्याचारित पात्रांपैकी एकीमागच्या स्त्रीने, त्या प्रकाराविषयी तेथील सार्वजनिक फलकावर लिहिताना आपल्या डोळ्यांतून अश्रू वाहत होते, असे डिबेल यांना नंतर सांगितले. हे अश्रू करुणरसाच्या आस्वादातले नव्हते.

कथनमीमांसेच्या भाषेत या अपराधाचे स्वरूप नेमके सांगता येते. ज्या विश्वात प्रत्येकजण आपल्या पात्राचा निवेदक असतो, तेथे पात्राचा देह म्हणजे त्याच्याविषयीची वाक्ये. या वाक्यांचा कर्ता होण्याचा अधिकार ज्याचा त्याचा असतो. 'मिस्टर बंगल'ने हा अधिकारच हिरावला. दुसऱ्याच्या नावापुढे आपले विधेय लावले. कादंबरीकार आपल्या पात्रांच्या बाबतीत हेच नित्य करीत असतो आणि त्यात कोणाचा अपराध होत नाही, कारण त्या पात्रांना दुसरा धनी नसतो. येथे प्रत्येक नावाला धनी होता. तेव्हा जे निवेदकाचे स्वाभाविक सामर्थ्य, तेच अत्याचाराचे साधन झाले.

त्यानंतर वाड्यातील रहिवाशांची सभा भरली आणि निर्णयाविना विखुरली. पुढे एका 'विझर्ड'ने एकट्याच्या निर्णयाने ते पात्र नष्ट केले. कर्टिस यांनी नंतर रहिवाशांना अर्ज आणि मतदान यांद्वारे निर्णय घेता यावेत अशी व्यवस्था आणली. जादूगारांच्या वाड्यात अशा रीतीने नागरिकशास्त्राचा प्रवेश झाला. तीच व्यक्ती दुसरे नाव धारण करून परतल्याचेही डिबेल नोंदवतात. पात्र मेले तरी पात्रामागचा माणूस शिल्लक राहतो. 'हा मी नव्हे' असे म्हणण्याची सोय अपराध्याला होती. ज्यांच्यावर अत्याचार झाला त्यांना मात्र ती उपलब्ध झाली नाही. विकल्प हा दोन्ही बाजूंना सारखा वाटला जात नाही, हे या प्रसंगाने प्रथमच स्पष्ट केले.

५

नव्वदीच्या उत्तरार्धात शब्दाची जागा चित्राने घेतली. 'अल्टिमा ऑनलाइन' (१९९७), 'एव्हरक्वेस्ट' (१९९९) आणि 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' (२००४) हे या टप्प्याचे ठळक मानबिंदू होत. आकारणीची पद्धतही बदलली. पूर्वीच्या व्यापारी खेळांत तासागणिक पैसे मोजावे लागत. आता मासिक वर्गणी आली. तिचा परिणाम रूपबंधावर झाला. मासिक वर्गणीवर चालणाऱ्या कथेला शेवट परवडत नाही. दैत्य मारला तरी काही काळाने तो पुन्हा उभा राहतो, कारण मागून येणाऱ्यांनाही तो मारावयाचा असतो. आदि-मध्य-अंत ही अ‍ॅरिस्टॉटलची चौकट येथे केवळ कलात्मक कारणाने मोडलेली नाही. हिशेबाच्या वहीचाही तीत वाटा आहे.

'अल्टिमा ऑनलाइन'च्या चाचणीच्या काळात, ऑगस्ट १९९७ मध्ये, एक सूचक प्रसंग घडला. खेळाचे जनक रिचर्ड गॅरियट हे त्या भूमीचा राजा 'लॉर्ड ब्रिटिश' याच्या रूपाने प्रजेसमोर अवतरले होते. यंत्रणा मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झाल्यावर आपल्या पात्राचे अवध्यत्व पुन्हा चालू करण्याचे राहून गेले, आणि एका खेळाडूने चोरलेल्या मंत्राच्या आगीत राजा मेला. निर्मात्याचा निर्मितीतच मृत्यू झाला. 'लेखकाचा मृत्यू' हा रोलां बार्थचा सिद्धान्त तोपर्यंत तीस वर्षांचा झाला होता, त्याला इतके शब्दशः उदाहरण क्वचितच मिळाले असेल.

त्या भूमीवर एका खेळाडूने दुसऱ्याला मारण्यास मुभा होती. वाटमारी इतकी वाढली की नवागतांना नगराबाहेर पडणे कठीण झाले. २००० साली चालकांनी विश्वच दुभंगले. त्याच भूमीच्या दोन प्रती झाल्या. 'ट्रॅमेल'मध्ये संमतीवाचून हल्ला करता येत नसे, 'फेलुका'मध्ये येत असे. लॅम्डामूच्या सभेला जो प्रश्न सुटला नाही, तो येथे भूगोलाने सोडवला. बहुसंख्य खेळाडू सुरक्षित भूमीत गेले. ही निवड स्वाभाविक होती, तरी तिची किंमतही होती. जेथे अपराध अशक्य आहे तेथे सद्‌वर्तनही नियमाचाच भाग होऊन बसते; त्याला सद्‌गुण म्हणणे अवघड होते.

या टप्प्यावरील प्रत्यक्ष अनुभवाविषयी बाहेरच्यांची कल्पना अखंड पराक्रमाची असते. वास्तविक त्याचा मोठा भाग प्रतीक्षेचा असतो. 'एव्हरक्वेस्ट'च्या आरंभीच्या काळात मंत्रशक्ती परत मिळवण्यासाठी मांत्रिकाला खाली बसून पोथी उघडावी लागे आणि ती पोथी जवळजवळ सारा पडदा व्यापून टाकी. डोळ्यांपुढे जग नाही, हातांना काम नाही. उरते ते सोबत्यांशी बोलणे. मेलेल्या पात्राची सामग्री त्याच्या शवापाशीच राही आणि ती आणण्यासाठी त्याच धोक्याच्या जागी जावे लागे, बहुधा इतरांच्या मदतीने. या गैरसोयींनीच मैत्री घडवली. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या पहिल्या पर्वातील मोठ्या मोहिमांना चाळीस जण लागत. शत्रूचे घाव अंगावर घेणारा, जखमा भरणारा आणि प्रहार करणारा अशी त्यांची श्रमविभागणी असे. जखमा भरणाऱ्याची नजर दैत्यावर नसून सोबत्यांच्या प्राणदर्शक पट्ट्यांवर खिळलेली असे. ज्या महायुद्धाची गाथा तो जगत होता, ते त्याने पाहिलेलेच नसे.

येथे 'अद्भुता'चा स्थायिभाव जो विस्मय, त्याची गत काय होते? तीच मोहीम विसाव्यांदा करताना विस्मय उरत नाही. त्याची जागा कर्तव्य, सवय आणि परस्परविश्वास घेतात. गुरुवारी रात्री ठरल्या वेळी आपण आलो नाही तर एकोणचाळीस जणांचा खोळंबा होईल, ही जाणीव कोणत्याही कादंबरीने आपल्या वाचकाला दिलेली नाही.

सप्टेंबर २००५ मध्ये याच खेळात एक अनपेक्षित घटना घडली. 'हक्कार' नामक दैत्याशी लढताना अंगाला लागणारी रक्तदूषणाची बाधा त्या गुहेपुरतीच राहावी असा बेत होता. पण पाळीव प्राण्यांमार्फत ती नगरांत पोहोचली आणि दुर्बळ पात्रे पटापट मरू लागली. कोणी नगर सोडून पळाले, कोणी इतरांच्या जखमा भरीत थांबले, कोणी बाधा हेतुपुरस्सर पसरवली. चालकांनी अखेर यंत्रणेत बदल करून साथ आवरली. साथीच्या रोगांचा अभ्यास करणाऱ्यांना यात मानवी वर्तनाचा नमुना दिसला आणि २००७ साली 'लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस' या नियतकालिकात त्यावर लेख आला. त्यांच्यापुढचा प्रश्न हाच होता : कल्पित मरणाला सामोरे जाताना माणसे जशी वागली, तशी खऱ्या मरणापुढे वागतील काय? म्हणजे विकल्प किती खोल आहे, हे येथे वैद्यकशास्त्र विचारीत होते.

६

या प्रकारात खेळाडूच्या रूपाला 'अवतार' म्हटले जाते, ही गोष्ट मराठी वाचकाला विचारप्रवृत्त करणारी आहे. 'प्लेटो'वरील एका खेळाचे हे नाव १९७९ सालीच होते. गॅरियट यांनी 'अल्टिमा'च्या चौथ्या भागात (१९८५) तो शब्द हेतुपूर्वक योजला. खेळातील कृत्यांची नैतिक जबाबदारी पात्रावर न ढकलता खेळाडूने स्वतः घ्यावी, यासाठी त्यांना नवा शब्द हवा होता. लुकासफिल्मच्या 'हॅबिटॅट'ने (१९८६) तो पडद्यावरील आकृतीला लावला आणि नील स्टीफन्सन यांच्या 'स्नो क्रॅश' (१९९२) या कादंबरीने त्याचा प्रसार केला. प्रसारात गॅरियट यांचा नैतिक आशय गळाला आणि केवळ आकृती उरली. मराठीने या शब्दाची अशीच उतरण पूर्वी अनुभवली आहे. विष्णूच्या अवतरणासाठी वापरावयाचा शब्द गबाळ्या वेषाच्या माणसाला 'हा काय अवतार!' म्हणण्यापर्यंत येऊन पोहोचला.

तरीही मूळ संकल्पनेत एक अशी गोष्ट आहे की जी 'पात्र' या शब्दात नाही. नटाला 'पात्र' का म्हणतात याची उपपत्ती देताना अभिनवगुप्ताने म्हटले आहे की, भांड्याला जशी त्यातील मद्याची चव कळत नाही तसा नट रसाचा आस्वाद घेत नाही; आस्वाद सहृदयाचा. अवताराचे तसे नाही. अवतार घेणारा आणि कर्म करणारा एकच, आणि त्या कर्माचे उत्तरदायित्वही त्याचेच. अंशावतार आणि पूर्णावतार असा भेद परंपरेने केला, म्हणजे अवतरणाला प्रमाण असते हे तिने ओळखले होते. भूमिकाखेळातील माणूस किती अंशाने अवतरला आहे हे रात्रीगणिक बदलते.

कोकण-गोव्यातील दशावताराशी येथे मर्यादित तुलना होऊ शकते. तेथेही कथासूत्र ठाऊक असते आणि संवाद नट जागेवर रचतो. संहिता लिहिलेली नसते. परंतु दशावताराला समोर बसलेला गाव असतो. भूमिकाखेळात प्रेक्षागार नाही. जो तो रंगमंचावर आहे. रसचर्चेतील साधारणीकरण प्रेक्षकाच्या अंतरावर अवलंबून असते. प्रेक्षकाला आपले-परके विसरता येते, कारण त्याचे काही पणाला लागलेले नसते. ज्याचे शंभर रात्रींचे श्रम आणि चार मित्रांचा विश्वास पणाला लागले आहेत, त्याला तो साधारणीकृत शोक लाभणे कठीण. त्याला होतो तो लौकिक शोकच.

एस्पेन आर्सेथ यांनी 'सायबरटेक्स्ट' (१९९७) या ग्रंथात अशा संहितांच्या वाचनाला लागणाऱ्या श्रमांकडे लक्ष वेधले, आणि बार्टल यांनी १९९६ साली खेळाडूंचे गुण मिळवणारे, शोध घेणारे, सहवास शोधणारे आणि इतरांना छळणारे असे चार वर्ग केले. दोन्ही मांडण्या मोलाच्या आहेत. पण पहिलीत श्रमाचे स्वरूप आहे, उत्तरदायित्वाचे नाही. दुसरीत प्रवृत्ती आहेत, पण एकाच माणसात त्या आलटून-पालटून कशा वावरतात, हे नाही. सविकल्प समाधीची संकल्पना येथे उपयोगी पडते ती यासाठी की, ती या अनुभवाच्या केंद्राशी असलेला दुभंग नाकारीत नाही.

७

या इतिहासाची शेवटची अडचण साधनांची आहे. 'स्टार वॉर्स गॅलेक्सीज' डिसेंबर २०११ मध्ये बंद झाला, 'सिटी ऑफ हीरोज'च्या चालकांनी तो खेळ नोव्हेंबर २०१२ मध्ये थांबवला, 'अ‍ॅशरन्स कॉल' ३१ जानेवारी २०१७ रोजी मावळला. शेवटच्या घटकेला खेळाडू ओळखीच्या चौकांत जमले. ठरल्या वेळी जोडणी तुटली आणि त्या भूमीत कोणी जाऊ शकेना. ग्रंथ छापणे थांबले तरी प्रत उरते. येथे प्रतच नसते. संगणकीय आज्ञावली जपली तरी जपला जातो तो वाडा, त्यातील वस्ती नव्हे. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ची जुनी आवृत्ती २०१९ साली पुन्हा खुली करण्यात आली, तेव्हा डोंगर, वाटा, दैत्य सारे जागच्या जागी होते. परतलेल्यांना मात्र प्रत्येक वाट कोठे जाते हे ठाऊक होते. स्थळ परत आणता आले, अज्ञान आणता आले नाही. आणि विस्मय अज्ञानाच्याच आश्रयाने राहतो.

म्हणून या प्रकाराचा इतिहासकार मौखिक परंपरांच्या अभ्यासकाच्या जवळचा ठरतो. कीर्तनकाराचे रंगलेले आख्यान जसे श्रोत्यांच्या आठवणीतच उरते, तशा या रात्रीही सहभागी माणसांच्या स्मरणात, त्यांच्या पत्रव्यवहारात आणि तुरळक नोंदींत उरल्या आहेत. मराठी समीक्षेने अद्भुताकडे दीर्घकाळ संशयाने पाहिले. 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मंजुघोषा' (१८६८) यांच्या कुळातील कादंबऱ्यांना संभवनीयतेच्या कसोटीवर दोषी ठरवण्यात तिने आपल्या आरंभकाळातील बरीच शक्ती वेचली. त्या कसोटीने भूमिकाखेळाला मोजले तर हाती काही लागणार नाही, कारण येथे असंभाव्य ते केवळ भूमी आणि दैत्य. माणसांतील व्यवहार खरा असतो.

केळकरांच्या सिद्धान्ताला या इतिहासाने दिलेली पुरवणी अशी मांडता येईल. वाङ्मयाच्या आस्वादात विकल्प आपोआप मिळतो; पुस्तकाचे पान आणि रंगमंचाची कड तो वाचकासाठी राखून ठेवतात. सामायिक अद्भुतविश्वात तो कोणी राखून ठेवीत नाही. लॅम्डामूमध्ये मतदान, 'अल्टिमा'मध्ये दुभंगलेली भूमी आणि मोहिमांच्या गटांत ठरल्या वेळी येण्याचा शब्द, हे सारे तो माणसांनी मिळून उभारण्याचे प्रयत्न होते. समाधी एकट्याची असली तरी विकल्प येथे सर्वांनी मिळून सांभाळावा लागतो. आणि जेथे तो सांभाळला गेला नाही तेथे वाक्यांनीही माणसे घायाळ झाली.